ट्रकच्या ट्यूबचं ठिगळ

शालनचे वडील शाळेत आले ते सायकलची ट्यूब खांद्यावर टाकून.

मी नववीच्या वर्गावर बहिर्गोल भिंग शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, सरांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता या म्हणाले." तास मध्येच सोडायला लागला की माझं डोकं फिरायचं. त्या काळी ते फिरायला फारसं निमित्तही लागत नसे. हातातलं भिंग टेबलावर ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलंच, आणि मी ऑफिसात गेले.

आत मुख्याध्यापक लोखंडे सर पेपरवेट फिरवत बसले होते. समोर म्हाकू वीरकर उभे. पांढरी टोपी, पायजमा आणि डाव्या खांद्यावर ती काळी ट्यूब, उपरणं टाकावं तशी. कपाटाला टेकून शालन उभी होती. दहावीतली मुलगी, उंच, हडकुळी, गणितात बरी आणि इंग्रजीत रडकी. आज मात्र ती रडत नव्हती. डोळे सुजले होते, म्हणजे घरी रडून झालं होतं.

"बसा की वीरकर," मी म्हटलं.

"बसत न्हाई बाई. इचारायला आलोय. इचारतो आन जातो." त्यांनी ट्यूब खांद्यावरून काढून सरांच्या टेबलावर ठेवली आणि एका जागी अंगठा टेकवला. "ह्ये ठिगळ कुनी लावलं, येवडं मला सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पंक्चर हा शाळेत माझा विषय होता.

तो माझा कसा झाला, ते सांगते. आमची शाळा माण तालुक्यातली. तिथं पाऊस येईल न येईल, सराट्याचे काटे मात्र बारमाही. मुली चार-चार, सात-सात किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून यायच्या आणि सातवी झाली की यायच्या बंद व्हायच्या. मग पुण्याच्या एका संस्थेनं मुलींसाठी वीस सायकली दिल्या. फोटो झाले, नारळ फुटले, आणि पंधरवड्यात विसातल्या तेरा सायकली घरोघरी भिंतीला टेकून बसल्या. सगळ्या पंक्चर. पंक्चर काढणारा पंचक्रोशीत एकच, फाट्यावरचा सर्जा. त्याच्या टपरीवर दिवसभर रिकामटेकडी पोरं बसलेली असायची. "पोरगी फाट्यावर थांबलेली आमाला चालायची न्हाई," असं एकजात सगळ्या बापांनी सांगून टाकलं होतं. बापाला सवड होईपर्यंत सायकल घरात, आणि सायकलबरोबर पोरगीही.

मला कुणी करता येणार नाही म्हटलं की ते करूनच दाखवायचं, ही माझी खोड. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला माहेरी गेले आणि भावाच्या ओळखीच्या एका सायकलवाल्याकडे चार दिवस स्टुलावर बसून पंक्चर काढायला शिकले. परत आले ती दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींचा तास सुरू केला. घमेलं, पाने, काचपेपर, सोल्यूशन आणि साताऱ्याहून आणलेले तयार पॅच. गोल, कडेला नारिंगी. पाणी नसेल तर ट्यूब गालाजवळ धरायची, वारा लागतो ते भोक. भोक सापडलं की आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण सराटा तिथंच बसलेला असतो आणि तो काढला नाही तर नवं ठिगळही फाट्यापर्यंत टिकत नाही. उन्हात सायकल उभी करायची नाही. हवा कमी असताना वर बसायचं नाही, चालत यायचं. आणि पॅच लावायचा तो बॉक्समधलाच. सर्जा ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून लावायचा, ते जाड असतात, उन्हानं कडा सुटतात. "ते आडाणी काम आपण करायचं नाही," असं मी दर शनिवारी बजावायची.

तीन महिन्यांत मुलींच्या हजेरीत पडलेली भोकंही बुजली. सायकली बंद पडेनात. कुणी पॅच मागायलाही येईना, त्यामुळे बॉक्स उघडून बघायची वेळही माझ्यावर येईना. मी लोखंडे सरांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा, नीट काळजी घेतली की पंक्चर होतच नाही." तपासणीला आलेल्या साहेबांनाही तेच ऐकवलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

असं सगळं छान चाललं असताना वीरकर ट्यूब घेऊन आले.

"झालं काय ते तरी सांगा," मी म्हटलं.

"काल सांजच्याला माझा चुलतभाऊ दूध घालून येत हुता. त्येनं बगितलं. तळ्याच्या वळनावर सायकल उलटी पडलीया, आन ही आन त्यो सर्जा शेजारी शेजारी बसल्यात. वस्तीवर यिऊन त्यो चार मानसांत बोलला." वीरकरांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी मारलं न्हाई तिला. सोताच्या लेकराव हात टाकत न्हाई मी. नुसतं इचारलं. तर म्हनती पंक्चर म्याच काडलं."

"मग बरोबर आहे. आम्ही शिकवतोच ते," लोखंडे सर घाईनं म्हणाले. त्यांना प्रकरण मिटायला हवं होतं.

"म्याच काडलं सर," शालन म्हणाली. "सराटा हुता. सराटा काडला, ठिगळ लावलं. मग हवा भरायला पंप न्हाई. पंप साळंत असतो. चालत निगाले हुते तर मागनं ते आले घराकडं जाताना, त्येंच्या क्यारेजला पंप हुता. सायकल पुन्यांदा उलटी करून हवा भरली आन गेले. येवडंच."

तिनं सांगितलं ते सरळ होतं, आणि एक गोष्ट मला तिथंच टोचायला हवी होती. मी मुलींना सगळं शिकवलं होतं, पाना आणि सोल्यूशन दप्तरात ठेवायलाही सांगितलं होतं, पण ओसाड रस्त्यावर पंक्चर काढून झाल्यावर हवा भरायची कशानं, हे काही शिकवलं नव्हतं. शाळेचा एकुलता एक पंप माझ्या कपाटात कुलपात होता.

"बाई," वीरकर म्हणाले, "मी वीस वरसं उसाचा ट्रॅक्टर चालिवतोय. सर्जा आमचं बी पंक्चर काडतो. ह्ये ठिगळ बगा. चौकोनी. काळं. ट्रकच्या ट्यूबचं. ह्ये सर्जाचं ठिगळ हाय. आता पोरगी म्हनती म्या लावलं. मग माझ्याम्होरं दोनच वाटा. एक तर ती खोटं बोलतीया, न्हाईतर तुमी पोरींस्नी असलं ठिगळ लावायला शिकिवता. तुमी शिकिवत आसला तर माझं काय म्हननं न्हाई. मी हात जोडतो आन जातो. भावाचं त्वांड मी बंद करतो. पोरगी उद्यापास्नं साळंत."

"आणि नसेल तर?" सरांनी विचारलं.

वीरकरांनी टोपी सारखी केली. "दिवाळीपास्नं तिला मागनं आलंय. पोरगा गलाईवाला हाय, तिकडं खाली मदुराईला सोनं-चांदी गाळायचं दुकान हाय त्येचं. घरातली सगळी माझ्या मागं लागल्यात. म्याच थांबवून धरलंय. म्हनलं, धावी हुंदे. साळंत जायाचं म्हनती, जाऊंदे. पर आता वस्तीवर तोंडं सुटल्यात. खरं असंल तर कुनाचं बी ऐकायचा न्हाई मी. फकस्त मला खरं कळाय पायजे. तुमी शिकल्याली मानसं. तुमी खोटं बोलनार न्हाई."

दहावीच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते. सगळं माझ्या तोंडावर आलं होतं, आणि ते मला कळतही होतं. कळत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

मी ट्यूब हातात घेतली. ठिगळ खरोखरच चौकोनी होतं. जाड, काळं, कात्रीनं कापलेलं, कोपरेही गोल केलेले नाहीत. माझ्या नारिंगी कडेच्या पॅचचा मागमूस नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला काय वाटलं ते मी विसरलेले नाही, आणि ते सांगायची लाज वाटते तरी सांगते. मला शालनची काळजी वाटली नाही. मला राग आला. माझ्या वर्गातल्या मुलीच्या ट्यूबला हे ठिगळ, आणि तेही सरांच्या टेबलावर.

"शालन, हा आपल्या बॉक्समधला पॅच आहे?"

"न्हाई बाई."

"मग?"

"ट्रकच्या ट्यूबचा हाय. म्याच कापलाय."

"ट्रकची ट्यूब तुझ्याकडे कुठून आली?"

तिनं दाराकडे पाहिलं. मधली सुट्टी झाली होती आणि दाराशी चार-पाच मुली घुटमळत होत्या. पुढे वैजंता, शालनच्या बाकावरची. वैजंता म्हणाली, "बाई, ते..."

"तुम्हाला कुणी विचारलंय? वर्गात जा!" मी खेकसले. मुली पांगल्या. मी उठून दार लावून घेतलं.

"सांग, कुठून आली?"

"हुता एक तुकडा," शालन म्हणाली. "त्यो शेवटचा हुता. संपला."

"म्हंजी दाखवायला बी न्हाई," वीरकर स्वतःशीच म्हणाले.

"मी किती वेळा सांगितलंय, असलं ठिगळ लावायचं नाही म्हणून?"

"दर शनवारी सांगितलंय बाई."

"मग?"

शालन माझ्याकडे बघत राहिली. आणि मग एकदम पुढं आली. तिनं टेबलावरची ट्यूब उचलली आणि माझ्यापुढे धरली. "बाई, मला आत्ता काडू द्या. हितंच. ह्येच ठिगळ उकलते आन पुन्यांदा लावून दावते. आबा बगतील, सर बगतील. घमेलं आना फकस्त. धा मिंटं बी लागायची न्हाईत."

हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, तसं होतं ते. दहा मिनिटं. घमेलं शेजारच्या खोलीत, पाणी पिंपात, पाने माझ्या कपाटात. सोळाव्या वर्षी माणूस स्वतःच्या वतीनं जितकं बोलू शकतं तितकं ती बोलली होती. वीरकरांच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. त्यांना ते चालणार होतं. त्यांना ते हवंच होतं.

"आता इथं तमाशा नको," मी म्हटलं. "ठेव ती ट्यूब खाली."

तिनं ठेवली.

मी असं का म्हटलं? मला वाटलं, पंक्चर काढता येतं एवढंच त्यातून ठरेल, हे ठिगळ तिचं आहे ते थोडंच ठरणार आहे. मला वाटलं, मुलगी गोत्यात आलीय म्हणून नाटक करतेय. मला वाटलं, सर्जा जवान आहे, ही वयात आलेली आहे, आणि बापाला कळतं ते मला कळत नाही का? असं बरंच काही मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं एवढंच, की तिनं माझं ऐकलं नाही याचा राग माझ्या डोक्यातून उतरलाच नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बाई, मी जास्त इचारत न्हाई," वीरकर म्हणाले. "येकच सांगा. तुमच्या वर्गातल्या पोरी असलं ठिगळ लावत्यात का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे असं कुणीही लावत नाही."

वीरकरांनी मान हलवली. ट्यूब उचलली, तिची घडी घातली, जणू ती आता जपून ठेवायची वस्तू होती. मला हात जोडले, सरांना जोडले. "चल," ते शालनला म्हणाले. ती कपाटाशी ठेवलेलं दप्तर उचलायला वळली तर म्हणाले, "ऱ्हाऊंदे. आता त्येचं काय काम."

दारातून जाताना शालननं वळून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं पाहिलं नाही. मी वर्गावर जाऊन भिंगाचा उरलेला भाग शिकवला. आणि सांगते, मला त्या दिवशी हलकं वाटत होतं. अवघड प्रसंगात खरं बोलल्यावर वाटतं, तसं.

हे मंगळवारी. शनिवारी नेहमीप्रमाणे शाळा सुटल्यावर मुली व्हरांड्यात जमल्या. मी ठरवूनच आले होते की आज ठिगळाच्या विषयावर चांगली खरडपट्टी काढायची.

"वैजंता, बॉक्स आण."

तिनं बॉक्स आणून माझ्यापुढे ठेवला. मी झाकण उघडलं. आत सोल्यूशनची एक पिळून चपटी झालेली ट्यूब आणि काचपेपरचा तुकडा. पॅच एकही नाही.

"पॅच कुठायत?"

वैजंता बॉक्सापासून एक पाऊल मागे सरली.

"कुठायत म्हणते मी!"

"संपले बाई," वैजंता म्हणाली.

"कधी?"

"नाताळाच्या आधी."

"नाताळाच्या? आणि मग महिनाभर कुणाचं पंक्चर झालंच नाही?"

कुणीतरी मागून हुंदका दिला. वैजंता म्हणाली, "रोज कुनाचं ना कुनाचं हुतंच की बाई. सराटं काय बाई शिकिवत्यात म्हनून बसत्यात व्हय घरात?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी या बोलण्याला मी तिला उभं केलं असतं. वैजंतानं आपली सायकल आडवी पाडली, पान्यानं टायर सोडवला, मी शिकवलं तसाच, आणि ट्यूब ओढून बाहेर काढली. तिच्यावर तीन ठिगळं होती. तिन्ही चौकोनी, काळी, कोपरे गोल न केलेली.

मग दुसरीनं आपली सायकल आडवी केली. मग तिसरीनं. कुणी सांगितलं नव्हतं. व्हरांड्यात सायकलींचा नुसता पसारा झाला. एका ट्यूबवर दोन, एकीवर पाच. सगळी तसलीच. एका हातची.

"कुणी लावलीत ही?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"शालननं. माझ्या चुलत्याच्या ट्रकची फुटल्याली ट्यूब हुती, पोरं हिरीत पवायला शिकायची तिच्यावर. तिचं तुकडं करून आनलं आमी. कापायचं काम शालनचं. तिचा हात चांगला. परतेकीला दोन-दोन तुकडं दिल्यालं तिनं, दप्तरात ठेवायला."

"मला का नाही सांगितलंत?"

आठवीतली एक एवढीशी मुलगी म्हणाली, "बाई, सुरवातीला म्या पॅच मागितला हुता तवा तुमी म्हनला, पंक्चर हुतंच कसं, टायर तपासत न्हाईस का, आन तासभर हुबं केलं. मग आमी न्हाई मागितला."

"आणि मंगळवारी? मंगळवारी का नाही बोललात?"

"बोलत हुते की मी," वैजंता म्हणाली. "तुमी दार लावलं."

मी तिथंच पायरीवर बसले. मुलींसमोर रडायचं नाही हा माझा नियम होता, तोही त्या दिवशी मोडला. मुलींनी पाणी आणून दिलं. मग वैजंताची तीन ठिगळांची ट्यूब पिशवीत घालून मी वीरकरवस्तीच्या वाटेला लागले. सात किलोमीटर. सायकल मला येत नव्हती. पंक्चर काढायला शिकवणारी बाई सायकल चालवत नाही, याचं मुलींना हसू यायचं. मी चालत गेले. आत्ता जाऊन वीरकरांना ही ट्यूब दाखवली की झालं, एवढंच डोक्यात होतं. सोमवारी शालन वर्गात असेल. वाटभर मी हेच घोकत होते.

वस्तीवर पोचले तर वीरकरांच्या अंगणात सारवण ओलं होतं. वीरकर धावत पुढं आले. "आरं, बाई आल्या! आगं, बाई आल्यात, पानी आन!" मला घोंगडं अंथरून बसवलं. चालत आले म्हणून हळहळले. त्यांची बायको तांब्या घेऊन आली, मागे पाहुण्या बायका दारात उभ्या राहून बघायला लागल्या. इतका मान मला माझ्या सासरीही कधी मिळाला नव्हता.

"सुपारी फोडली बाई काल," वीरकर म्हणाले. "त्येच गलाईवाल्याबरं."

"ती सोळा वर्षांची आहे! गुन्हा आहे हा."

"लगीन आठरा झाल्याव. आता नुसती सुपारी." ते माझ्या डोळ्यांना डोळा न देता म्हणाले. लग्न त्याच वैशाखात लागलं. मी ग्रामसेवकाकडे गेले तेव्हा त्यानं मुलीचं वय अठरा लिहिलेला कागद दाखवला, आणि नंतर कळलं की मांडवात तो जेवायला होता. पण ते पुढचं.

त्या दिवशी मी पिशवीतून ट्यूब काढून घोंगड्यावर पसरली आणि सगळं सांगितलं. पॅच संपल्याचं, विहिरीतल्या ट्यूबचं, शालन सगळ्यांना ठिगळं कापून द्यायची ते, मी मुलींना दम दिला होता ते, दार लावून घेतलं ते. काही लपवलं नाही. आयुष्यात एवढं पोटातून मी कधी बोलले नव्हते. "चूक माझी आहे वीरकर. तुमची मुलगी खरं बोलत होती."

वीरकरांनी ट्यूब उचलली. एकेका ठिगळावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी ती माझ्या पिशवीत पुन्हा नीट घालून ठेवली.

"बाई, तुमी लई मायाळू," ते म्हणाले. "पोरीसाटी येवडं चालत आला, तीन ठिगळं लावून आनली. पर त्या दिशी सरांम्होरं तुमी बोलला, ते खरं. आता पोरीची कीव आली म्हनून खोटं बोलताय. मला राग न्हाई. कुनाला बी यील."

"मी खोटं नाही बोलत! बोलवा तिला. तिला इथं पंक्चर काढायला सांगा. ती काढून दाखवेल. तिनं त्या दिवशीच म्हटलं होतं."

वीरकरांनी आत हाक मारली. "शालन!"

ती बाहेर आली. हिरवी साडी नेसवली होती तिला, आणि त्या साडीत ती आणखीच हडकुळी दिसत होती. मला पाहून थांबली.

"बाई म्हनत्यात, तुला पंक्चर काडता येतं. काडून दाव," वीरकर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. खरंच सांगत होते. भिंतीशी तिची सायकल उभी होती, मागच्या चाकात ट्यूब नसलेली.

"शालन, काढ गं," मी म्हटलं. "दाखव आबांना. मी थांबते." तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, मग दारात उभ्या असलेल्या त्या पाहुण्या बायकांकडे. आतल्या पाटावर सुपारीचा नारळ अजून तसाच ठेवलेला होता.

"मला न्हाई येत," ती म्हणाली.

"शालन!"

"न्हाई येत, बाई."

"बगा," वीरकर हळूच म्हणाले. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट मला समजावत असल्यासारखंच.

तिला येत होतं. मला ते माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि तिनं ते सांगायचं सोडून दिलं होतं. एकदा तिनं स्वतः होऊन मागितलेली दहा मिनिटं मी तिला दिली नव्हती. आता मी तीच द्यायला सात किलोमीटर चालत आले होते, तर सुपारी फुटली होती, पाहुणे दारात होते, आणि बापाला चारचौघांत खोटं पाडून तिला मिळणार काय होतं? मला ओरडावंसं वाटलं, त्या सायकलचं चाक स्वतः खोलावंसं वाटलं. मी हलले नाही.

एवढ्यात शालनची आई ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू, खण, नारळ, मूठभर तांदूळ. मी नको नको म्हणत होते, पण सवाष्णीनं ओटी नाकारायची नसते, आणि दारातल्या बायका बघत होत्या. तिनं मला कुंकू लावलं. ओटी भरली. "तुमी येळंला खरं बोलला बाई," ती म्हणाली, "न्हाईतर आमाला कळलं बी नसतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं.

"शालन, बाईंच्या पाया पड," वीरकर म्हणाले.

ती पुढं आली. पदर सावरायची अजून सवय नव्हती, तो खांद्यावरून घसरला, तिनं तो एका हातानं धरला आणि वाकून माझ्या धुळीनं माखलेल्या पायांना हात लावला. मी मागे सरकले नाही. आणि इतकी वर्षं पाया पडणाऱ्या मुलींना जे म्हणत आले होते तेच, सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुखी राहा."